साठ आणि आठ

"एका कानाचे साठ हजार," दुकानातला मुलगा म्हणाला.

आप्पांनी मान डोलावली. माझ्याकडे वळून म्हणाले, "आठ हजार म्हंजे काय लई न्हाईत. घे की."

मी काहीच बोलले नाही. पर्समधून कार्ड काढलं आणि पुढे केलं. खोटं बोलले नव्हते, पण त्यांना जे ऐकू आलं होतं ते तसंच राहू दिलं. साठमधला 'स' गेला की आठच उरतो. ज्या बहिरेपणासाठी कानाचं मशीन घ्यायला आम्ही त्या दुकानात गेलो होतो, त्याच बहिरेपणाचा मी फायदा घेतला. खरा आकडा कळला असता तर ते उठून रस्त्यावर आले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

आप्पा इचलकरंजीत मागावर होते. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. पुढे गाव किती वाढलं, ते आम्हाला गल्लीगल्लीतल्या खटखटीवरूनच कळायचं. आप्पा सोळाव्या वर्षी शेडमध्ये शिरले आणि साठाव्या वर्षी बाहेर पडले. साधे माग, धोट्याचे. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सुसाट जातो, तिकडे आपटतो, परत येतो, मिनिटाला शंभरावर वेळा. असे चोवीस माग एका पत्र्याखाली आणि पाळी बारा तासांची. अशा शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण आप्पांच्या शेडमध्ये माणसं मोजून सहा-सात. तिथपर्यंत कारखान्याचा कायदा येतच नसे, तर कानात घालायला बोळे कोण देणार? शिवाय डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते. नव्वद आणि शंभर यांत फरक दहाचा दिसतो, पण कानावरचा मारा दसपट असतो.

आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्यात, जेमतेम पंधरा हजार केशपेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, गेली ती परत उगवत नाही. वेटोळ्याच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात आणि आधी त्याच मरतात. म्हणून आप्पांना दार आपटलेलं ऐकू यायचं, ट्रक ऐकू यायचा, मी हाक मारली की "ओ" सुद्धा द्यायचे. त्यामुळे कोणालाच काही वाटलं नाही. मराठीतले स्वर बहुतेक खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श ही अक्षरं मात्र नुसत्या वाऱ्याची, उंच आणि हलकी. आप्पांच्या कानात शब्दाचा घाट पोचायचा, कडा पोचत नव्हत्या. 'ऐकू येतंय, पण काय म्हणतायत ते कळंना' असं ते म्हणायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं, लक्ष नसतं त्यांचं.

त्यात मागावरच्या माणसाला ओठ वाचायची सवय असते. शेडमध्ये तोंडानं बोलणं नसतंच. धोट्यातली सुताची कांडी संपली की मूठ वर, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचं तर दोन बोटं, बाकी सगळं ओठांवरून. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा दारातूनच ओठ हलवायचे, "आईनं लवकर बोलवलंय," आणि आप्पांना शेडच्या दुसऱ्या टोकाला ते कळायचं. मला ती जादू वाटायची.

घरी आई होती. पाहुणा काही बोलला की आई तेच वाक्य आप्पांकडे तोंड करून, जरा सावकाश, पुन्हा म्हणायची. आम्हाला वाटायचं, तिची बोलायची पद्धतच तशी. २०१९ मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि आप्पांचे ओठ वाचायचेही बंद झाले. २०२१ च्या मार्चमध्ये लसीच्या रांगेत नर्सबाईंनी त्यांना नाव विचारलं, तर त्यांनी वय सांगितलं. पत्ता विचारला तरी वयच. मागचे लोक हसले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात आईला शोधणं होतं. त्या दिवशी मला कळलं की आई पन्नास वर्षं काय करत होती.

मग मी जे केलं ते बहुतेक मुलं करतात. रात्री मोबाईल घेऊन बसले आणि १,८०० रुपयांचं एक यंत्र मागवलं. कानामागे लावायचं, वर एक चक्री, फिरवली की आवाज मोठा. आप्पांनी लावलं, दोन मिनिटं बसले आणि काढून माझ्या हातात दिलं. "डोक्यात माग परत सुरू केलास," म्हणाले.

याहून नेमकं वर्णन मला नंतर कुठल्या डॉक्टरांकडूनही मिळालं नाही. ते यंत्र सगळंच मोठं करत होतं: पंखा, भांडी, रिक्षा आणि माझा आवाज. जे आवाज आप्पांना धड ऐकू येत होते तेही. ज्या 'स' साठी सगळा खटाटोप, तो त्या गलक्यात आणखीच बुडाला. असं यंत्र चष्म्याच्या दुकानातल्या भिंगासारखं. सगळ्याच गोष्टी मोठ्या दिसतात, नंबर मात्र कोणाचाच नसतो. स्वस्तात घेतलं म्हणून ते वाईट ठरलं असं नाही. कान तपासल्याशिवाय घेतलं, म्हणून वाईट ठरलं.

यावर उतारा म्हणून मी थेट दुसऱ्या टोकाला गेले. आप्पांना पुण्याला आणलं आणि एका चकचकीत दुकानात नेलं. मोफत तपासणी, काचेचं दार, कॉफी. तपासणी वीस मिनिटांत झाली. त्यानंतर तासभर मला चॅनेल समजावून देण्यात आले, म्हणजे मशीन आवाजाच्या पट्टीचे किती तुकडे करून प्रत्येकाला वेगळा जोर देतं ते. आठ चॅनेलचं, सोळा चॅनेलचं, चोवीस चॅनेलचं. छापील किमतीवर चाळीस टक्के सूट, पण आजच बुक केलं तर. टॅक्सही 'आम्ही माफ करतो' म्हणाले. कानाच्या मशीनवर मुळात जीएसटी शून्य आहे, हे मला नंतर कळलं. जो लागतच नाही तो माफ कसा करता येईल? पण तिथे बसलेल्या मुलीला हे प्रश्न सुचत नाहीत. तिच्या डोळ्यांपुढे लसीची रांग असते.

आम्ही घेतलं ते कानाच्या आत पूर्ण जाणारं, बाहेरून दिसतच नाही असं. 'कुणाला कळणारसुद्धा नाही काका' हे वाक्य त्या मुलानं चार वेळा म्हटलं. आप्पांना कुणाला कळण्याची लाज नव्हतीच. लाज मला होती की काय, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ उशिरा विचारला.

ते मशीन तीन महिने चाललं, म्हणजे तीन महिन्यांत आप्पांनी ते वीसेक वेळा लावलं असेल. पिवळ्या खुणेचा सर्वांत लहान सेल, डाळीच्या दाण्याएवढा. ज्या बोटांनी चव्वेचाळीस वर्षं तुटलेल्या धाग्याला डोळे मिटून गाठ मारली, त्या बोटांना आता तो सेल धरवत नव्हता. बसला तरी मशीन शिट्टी वाजवायचं. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. पुण्याच्या दुकानात दोनदा गेलो. दोन्ही वेळा वेगळा मुलगा होता, त्यानं संगणकावर काहीतरी दाबलं आणि पाच मिनिटांत आम्हाला बाहेर काढलं. तिसऱ्यांदा आप्पा आलेच नाहीत. मशीन कपाटात गेलं, त्याच खणात, जिथे १,८०० वालं होतं.

शेजारच्या काकींनी मिरजेचं नाव काढलं. आमच्या भागात दुखणं जुनं झालं की माणूस मिरजेला जातो, हे १८९४ मध्ये डॉ. वानलेसांनी तिथे दवाखाना काढला तेव्हापासूनचं आहे. काकींनी सांगितलं ते ठिकाण मात्र मोठं नव्हतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक ऑडिओलॉजिस्ट मॅडम आणि भिंतीवर त्यांचं भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र. ही परिषद १९९२ च्या कायद्यानं झाली आणि कानाची तपासणी करून मशीन बसवून देणाऱ्याकडे तिची नोंदणी असायला हवी. पुण्यातल्या दुकानात असा कागद मी शोधलाही नव्हता.

मॅडमनी आधी मशीनचं नाव काढलंच नाही. आप्पांना विचारलं, "दिवसभर काय करता? कोणाशी बोलता? काय ऐकू येत नाही म्हणून वाईट वाटतं?" आप्पांना तिसरा प्रश्न पुन्हा सांगावा लागला. मग म्हणाले, "नातू फोनवर बोलतो ते. आणि देवळातलं भजन. टाळ ऐकू येत न्हाईत, नुसता पखवाज येतो."

मग कानात बघून मळ काढला. पुण्यात तोही कोणी काढला नव्हता. बंद खोलीतली तपासणी सव्वा तास चालली. नुसत्या शिट्या नाहीत, शब्दही. तो आलेख त्यांनी मला वाचायला शिकवला. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. डावीकडून उजवीकडे आवाज उंच होत जातो आणि वरून खाली ऐकणं कमी. आप्पांची रेघ ५०० हर्ट्झला पंचवीस डेसिबलवर होती, म्हणजे जवळजवळ चांगली. १००० ला पस्तीस, २००० ला पंचावन्न, ४००० ला थेट पंचाहत्तर, आणि ८००० ला पुन्हा थोडी वर, पासष्ट. "ही चार हजाराची खळी दिसली की मी विचारते, माग का बॉयलर," मॅडम म्हणाल्या. "गोळीबार करणाऱ्यांनाही होते, पण आपल्याकडे बहुतेक मागच."

त्या कागदावर आप्पांची सगळी नोकरी होती. पीएफच्या पासबुकात जे आलं नाही, ते तिथे आलं होतं.

मशीन बसवतात म्हणजे काय, हे मला तिथे कळलं आणि पुढचं सगळं लिहिणं त्यासाठीच आहे. प्रत्येक पट्टीला किती जोर द्यायचा याची सूत्रं आहेत. ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय ध्वनिप्रयोगशाळेनं केलेलं एक सूत्र जगभर वापरलं जातं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख भरला की एका बटणावर सगळं भरून येतं, त्याला 'फर्स्ट फिट' म्हणतात. पुण्यात आमचं तेवढंच झालं होतं. पण सॉफ्टवेअरला सरासरी कान माहीत असतो, आप्पांचा नाही. कोणाच्या कानाची नळी अरुंद, कोणाची मोकळी, आवाज प्रत्येकात वेगळा घुमतो. म्हणून मॅडमनी आप्पांच्या कानात केसाएवढी सिलिकॉनची नळी घातली, तिच्या टोकाला माईक, आणि पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजलं. ४००० ला सूत्रानं मागितलेला जोर आणि मिळालेला जोर यांत मोठी तफावत होती. ती त्यांनी हातानं भरून काढली. नंतर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी वाढ, कारण वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या मेंदूला एकदम जेवण घातलं तर तो नको म्हणतो.

मी साठ हजारांचं मशीन पर्समधून काढलं. म्हटलं, हेच नीट करून द्या ना. त्यांनी केबल जोडून पाहिली आणि मान हलवली. ते त्या दुकानाच्याच सॉफ्टवेअरवर उघडतं, बाहेर कोणाला हात लावता येत नाही. शिवाय आप्पांच्या कानाला मुळात ते चुकीचं. ज्याला खालच्या पट्टीतलं धड ऐकू येतं त्याच्या कानात असा पूर्ण बोळा घातला, की त्याचा स्वतःचाच आवाज आत कोंडतो. हंड्यातला आवाज तो हाच. कुणाला दिसू नये म्हणून घेतलेली वस्तू आप्पांना ऐकूही येऊ देत नव्हती.

त्यांनी सुचवलं ते कानामागचं, राखाडी, सरळ दिसणारं, सहा चॅनेलचं. एका कानाचे बावीस हजार, आणि दोन्ही कानांना, कारण आवाज कुठून आला आणि गलक्यात कोण बोलतंय, हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. एकूण चव्वेचाळीस. त्यात वर्षभराच्या भेटी आल्या. आधी तीन आठवडे घरी वापरून बघायचं, नाही जमलं तर थोडे पैसे कापून परत. आणि नारिंगी खुणेचा मोठा सेल, जो आप्पांच्या बोटांना सापडतो.

माझा विश्वास बसेना. चोवीस चॅनेलवरून सहावर? मॅडमनी समजावलं ते मला पटलं, आणि पुढे मी स्वतः वाचलंही. जगातली बहुतेक मशीनं पाच मोठ्या गटांची आहेत: एक स्वित्झर्लंडचा, एक अमेरिकेचा आणि तिघांची मुळं डेन्मार्कमध्ये, त्यातल्या एकाचं दुसरं मूळ जर्मनीत. एकाच पिढीतली महाग आणि स्वस्त मशीनं पुष्कळदा एकाच चिपवर चालतात, वरच्या सोयी सॉफ्टवेअरमधून उघडलेल्या किंवा बंद ठेवलेल्या असतात. त्या सोयी खोट्या नाहीत. ज्याला रोज बैठका, हॉटेलं, गर्दी आहे, त्याला त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठात वयस्कर माणसांना साधी आणि महागडी अशी दोन्ही मशीनं आळीपाळीनं वापरायला दिली, नीट बसवून. मदत दोन्हींची झाली, आणि रोजच्या जगण्यात दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. 'नीट बसवून' हे दोन शब्द महत्त्वाचे. माझ्या साठ हजारांतून नेमके तेच गळाले होते.

भाच्यानं सुचवलं होतं, "मावशी, आता इअरबडमध्येच मिळतं सगळं." त्याचं अगदीच चूक नव्हतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून काही मशीनं चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात, आणि २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ॲपलच्या इअरबडमधल्या अशाच सोयीला मान्यता दिली. पण ती सगळी सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहेत. पंचाहत्तरच्या खळीला ती पुरत नाहीत.

सरकारी मदतीचंही बघितलं. १९८१ पासून केंद्राची योजना आहे, कानपूरच्या सरकारी कंपनीमार्फत मशीनं मिळतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ज्याचं उत्पन्न कमी आहे त्यानं कुठल्याही दुकानात पाऊल टाकण्याआधी तिथे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, असं मी प्रत्येकाला सांगते. आप्पा मात्र अपंगत्वाच्या दाखल्यात बसेनात. २०१६ च्या कायद्यात कमी ऐकू येणारा माणूस म्हणजे दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, साठ ते सत्तर डेसिबलची घट. आप्पांची खालची पट्टी शाबूत, त्यामुळे चार आकड्यांची सरासरी अठ्ठेचाळीससुद्धा भरत नाही. मागानं ज्यांचे कान खाल्ले त्यांची खालची पट्टी अशीच शाबूत असते. म्हणजे ज्या माणसाला मशीनशिवाय 'स' आयुष्यात परत ऐकू येणार नाही, तो कागदावर धडधाकट. हे मला अजून सहन होत नाही. राज्याच्या वयोश्री योजनेत पासष्टीवरच्यांना एकदा तीन हजार मिळतात. आमच्या गल्लीत दोघांना मिळाले. दोघांनी खिशात ठेवायचं मशीन आणलं, वायर कानात, डबी खिशात. दोन्ही आज खुंटीला आहेत. कानाशी जुळवून द्यायला कोणीच नव्हतं. तीन हजारांच्या मशीनचं आणि माझ्या साठ हजारांच्या मशीनचं दुखणं एकच निघालं.

मिरजेच्या पहिल्या भेटीत तपासणी आणि दुपारची वेळ यांच्यामध्ये दोन तास मोकळे होते. आप्पा म्हणाले, जरा हिंडून येऊ. सतारमेकरांच्या गल्लीत एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसला होता. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मग त्यानं तारेखाली सुताचा एक तुकडा सरकवला. आप्पा थबकले.

"सूत कितीचं?"

कारागीर हसला. म्हणाला, नंबर माहीत नाही, हाताला बरं लागतं ते घेतो. आप्पांनी तो धागा चिमटीत धरला, पिळ उलगडून बघितला आणि म्हणाले, "चाळीसचं असंल." कारागिरानं सूत काढून एकदा तार छेडली, घालून एकदा छेडली. मला फरक लख्ख कळला. सुतानं तार झणझणू लागली, आवाजाला आतून उजेड आल्यासारखा. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना दोन्ही वेळा तोच ठोका ऐकू आला होता. झणझण सगळी वरच्या पट्टीत असते.

भोपळा तोच, लाकूड तेच, तारा त्याच, आणि तरी जवारी लागेपर्यंत तो तंबोरा नसतो. दुपारी मॅडम आप्पांच्या कानात ती नळी घालून बसल्या, तेव्हा मला राहून राहून तो कानस फिरवणारा हात दिसत होता. चव्वेचाळीस हजारांतले निम्मे या बाईंच्या बसण्याचे आहेत, हे मला तेव्हा कळलं आणि घासाघीस करायची इच्छाच गेली. पुण्यात मी घासाघीस करून पाच हजार कमी करवले असते तरी ते मशीन खणातच गेलं असतं.

घरी आल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. वर्तमानपत्राची घडी कानात वाजते म्हणाले. चपला वाजतात, नळ वाजतो. चौथ्या दिवशी काढून ठेवलं. मी पुण्याहून फोनवर रागावले, मग मलाच रडू आलं. मॅडमनी सांगितलं, रोज दोन तासच लावा, घरात, एका माणसाशी बोलताना. दादानं ते अंगावर घेतलं. संध्याकाळी दोन तास तो आप्पांसमोर बसायचा आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा. तिसऱ्या भेटीपर्यंत आप्पा सकाळी चहाआधी मशीन चढवायला लागले.

चौथ्या भेटीला आम्ही पुन्हा त्या गल्लीतून गेलो. तोच कारागीर होता. आप्पांनी त्याला हातानं खूण केली, मागावरचीच, दोन बोटं. त्यानं सूत काढून छेडलं. मग घालून छेडलं. आप्पांनी हात वर केला. "आता झणझणलं," म्हणाले. कारागिराला काय त्याचं विशेष वाटणार? तो पुढच्या तारेकडे वळला. मी तिथेच पायरीवर बसले.

पावसाळ्यात सेलच्या खणात घाम धरतो म्हणून रात्री मशीन सिलिकाच्या खड्यांच्या डबीत ठेवावं लागतं. खडे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरायचे. सेल हवेवर चालतो, त्याचा चिकटा काढला की मिनिटभर तसाच ठेवून मग बसवायचा, म्हणजे जास्त दिवस टिकतो. ही कामं आप्पा मागाला तेल घालावं तशी करतात. सेल बदलला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ. दहा-अकरा दिवसांनी एक.

सगळंच परत आलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही त्यांना काही कळत नाही, तिथे ते मशीन काढूनच बसतात. मेलेल्या पेशी मेलेल्याच आहेत, मशीन उरलेल्यांना हाताशी धरतं. कान सुटले की माणूस बोलणं सोडतो आणि बोलणं सुटलं की विसरभोळेपणा बळावण्याचा धोका वाढतो, हे आता जगभरचे डॉक्टर सांगतात. आईनंतरची तीन वर्षं आप्पा आमच्यासमोर गप्प गप्प होत गेले आणि आम्ही त्याला दुःख म्हणत होतो. दुःख होतंच. पण त्यातलं थोडं १,८०० रुपयांच्या आणि साठ हजारांच्या चुकांत वाया गेलेल्या वेळेचं होतं, हे माझ्या मनातून जात नाही.

गेल्या दिवाळीला मी इचलकरंजीत होते. वहिनी स्वयंपाकघरात करंज्या तळत होती, मी मुरड घालत होते. आप्पा सोप्यात, पाठ आमच्याकडे. वहिनी कपाट आवरण्याबद्दल बोलता बोलता म्हणाली, "त्या पुण्याच्या मशीनचं काय करायचं? साठ हजार नुसते खणात पडलेत."

तिचा आवाज नेहमीचाच होता. वर तेलाचा तडतडाट.

बाहेरून आप्पा म्हणाले, "कितीचं म्हटलीस?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आप्पा उठून दारात आले. माझ्याकडे बघितलं. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

"आठ का साठ?"

"साठ, आप्पा."

ते चौकटीला हात लावून उभे राहिले. बोटं हलत होती. मजुरीचा हिशेब करताना हलायची तशी.

"बावन्नचा फरक," म्हणाले. आमच्या गावात मजुरी बावन्न पिकांच्या, म्हणजे इंचाला बावन्न आडव्या धाग्यांच्या, कापडावर ठरते. हा आकडा त्यांनी जन्मभर तोंडात घोळवला. "तवाच सांगायचं हुतंस. मी नगं म्हटलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

कढईतली करंजी लाल व्हायला आली होती. वहिनीनं झाऱ्या घातला. आप्पा वळले, सोप्यात गेले, बसले, आणि तिथूनच म्हणाले,

"हितनं फुडं हळू बोलत जावा. मला ऐकू येतंय."